घर आणि आपण : आवाज मागून यावा, पण डोक्यावर बसू नये



पूर्वी दिवाणखान्यात रेडिओ आला की प्रश्न एकच असायचा, त्याच्यावर कोणत्या रंगाचा रुमाल विणायचा! आता मोठा टीव्ही येतो आणि त्याच्यामागोमाग खोक्यांतून पाच स्पीकर आणि एक जाडजूड सहावा डबा येतो. थर्मोकोलचा चुरा घरभर होतो आणि मग सुरू होतं, 'हा इथे लावू, तो तिथे लावू.' स्पीकर बसवणारा माणूस ड्रिल मशीन घेऊन उभा असतो, त्याला पुढच्या घरी जायची घाई असते. आपण हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत भिंतीला चार भोकं पडलेली असतात आणि स्पीकर छताला टेकवून टांगलेले असतात.

सांगलीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "दिवाळीला ह्यांनी आणि मुलाने हौसेने पाच स्पीकरांचा संच आणला. मारामारीच्या सिनेमात घर दणाणतं, पण साधी मालिका लावली तर बोललेलं समजत नाही. सासूबाई रोज संध्याकाळी आमच्यात बसायच्या. हल्ली त्या 'तुमचं चालू द्या' म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडतात. आवाज वाढवला तर त्या कानांवर हात ठेवतात, कमी केला तर 'काय म्हणाला गं?' विचारतात. काय करावं?"

ह्या पत्राचं उत्तर पुढे देतेच. पण त्याआधी स्पीकर कुठे आणि का लावायचे, हे नीट समजून घेऊ. म्हणजे तुमच्याकडे अजून भोकं पडायची असतील तर ती योग्य जागी पडतील.

कोणता स्पीकर कशासाठी?

आवाज चारी बाजूंनी ऐकवण्याची कल्पना काही आजची नाही. १९७५ साली 'शोले' आला तो सत्तर मिलिमीटर पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक आवाजात. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. गावाहून आलेली माणसं मुद्दाम तिथे जायची, कारण तसा आवाज दुसरीकडे मिळत नव्हता. स्पीकरांच्या खोक्यावर 'डॉल्बी' हा शब्द असतो ना, ते रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन संशोधकाचं आडनाव. हे गृहस्थ भारतात संयुक्त राष्ट्रसंघाचे तांत्रिक सल्लागार म्हणून राहिले होते आणि इथून परत गेल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली कंपनी काढली. तेव्हा ह्या प्रकरणाचा आपल्याशी अगदीच संबंध नाही असं नाही!

घरातल्या संचाला 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात. पाच म्हणजे पाच स्पीकर, आणि शेवटचा एक म्हणजे धीरगंभीर, खालच्या पट्टीतला आवाज देणारा डबा, सबवूफर. टीव्हीच्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोघांतून बहुतेक संगीत येतं. टीव्हीच्या खाली किंवा वर असतो तो मधला, त्यातून जवळजवळ सगळं बोलणं येतं. राहिले मागचे दोन. त्यांचं काम वातावरणाचं. पाऊस, वारा, बाजारातला कोलाहल, मागून आलेली मोटार. पाऊस चालू असेल तर 'पाऊस पडतोय' असं वाटलं पाहिजे, 'मागचा स्पीकर वाजतोय' असं नाही. तुमची मान सारखी मागे वळत असेल तर मागचे दोघे मोठे तरी आहेत, नाहीतर फार जवळ आहेत.

आधी माणसं, मग स्पीकर

सगळी मापं बसायच्या जागेपासून घ्यायची असतात. आणि इथेच घरोघर एक गंमत होते. मोजमाप होतं ते घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खुर्चीवरून. बाई कुठे बसते? तर दाराजवळ, मोड्यावर, मटार सोलत. मग तिच्या एका कानाशी मागचा स्पीकर ओरडत असतो आणि बोलणं मात्र ऐकू येत नाही. म्हणून कारागीर यायच्या आदल्या दिवशी रात्री जेवणं झाली की सगळ्यांना नेहमीच्या जागी बसवा, आणि सोफ्याचा मध्य धरून मापं घ्या. एकट्या खुर्चीवरून घेऊ नका.

समजा तुमचा हॉल १० फूट बाय १४ फूट आहे, टीव्ही लांब भिंतीवर आहे आणि सोफा समोरच्या भिंतीशी. म्हणजे टीव्हीपासून कानापर्यंत साधारण ८ फूट. पुढच्या दोन स्पीकरांत ७ ते ८ फुटांचं अंतर ठेवा आणि दोघांची तोंडं थोडी आत, सोफ्याकडे वळवा.

मागचे दोन म्हणायला मागचे, पण ते पाठीमागे नाही, तर बाजूला लागतात. तुम्ही सोफ्यावर टीव्हीकडे तोंड करून बसा आणि दोन्ही हात बाजूला सरळ पसरा. हात जिथे भिंतीकडे बोट दाखवतात, ती जागा किंवा तिथून थोडं मागे, ही ह्या दोघांची जागा. शाळेतला कोनमापक आठवत असेल तर समोरच्या टीव्हीपासून ९० ते ११० अंश. आपल्या १४ फुटी हॉलमध्ये सोफा मधोमध असेल तर दोन्हीकडे सात-सात फूट मिळतात, हे उत्तम. सोफा भिंतीला घट्ट चिकटवू नका. अर्धा-एक फूट पुढे ओढलात तरी आवाजात फरक पडतो, आणि मागचा केरही काढता येतो!

उंची किती?

सोफ्यावर बसल्यावर आपला कान जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर येतो. मागचे स्पीकर त्याहून दोन फूट वर, म्हणजे सव्वापाच ते सहा फुटांवर असावेत. त्यामुळे शेजारी बसलेल्याचं डोकं आड येत नाही आणि आवाज एकाच्याच कानात न शिरता सगळ्यांवर पसरतो. पण म्हणून छताला भिडवू नका. तसं केलं की रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा आवाज वरून कोसळतो. पुढचे तीन मात्र शक्यतो कानाच्या उंचीला असावेत.

हल्ली 'अॅटमॉस' नावाचा प्रकारही निघाला आहे, सिनेमागृहात तो २०१२ साली आला. त्यात काही स्पीकर खरोखरच छताला लागतात. पण ते पाचांच्या जोडीला वेगळे असतात, बाजूचे उचलून वर लावले की अॅटमॉस होत नाही. काही स्पीकर खालून छतावर आवाज फेकतात आणि तो परतून खाली येतो. त्यांना सपाट, टणक छत लागतं. कोकणातल्या कौलारू घरात त्यावर पैसे घालवू नका.

एक बाजू उघडी असेल तर?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक फ्लॅटमध्ये येतो. डावीकडे भिंत, उजवीकडे गॅलरीचा दरवाजा किंवा स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ. मग एक स्पीकर भिंतीवर आणि दुसरा कुठेतरी कोपऱ्यात जातो. तसं करू नका, ही जोडी आहे. दोघं सोफ्यापासून शक्य तितक्या सारख्या अंतरावर आणि सारख्या उंचीवर हवेत. त्याला तीन उपाय आहेत.

पहिला, दोघांनाही उभे स्टँड घ्या. भाड्याचं घर असेल तर हाच बरा, घरमालकाची बोलणी खावी लागत नाहीत. मात्र घरात रांगतं मूल असेल तर स्टँडचा पाया जड हवा आणि वायर त्याच्या हाताशी लागता कामा नये. मूल धरून उभं राहतं आणि सगळं अंगावर घेतं.

दुसरा, दोघांनाही मागच्या भिंतीवर लावा, पण सोफ्याच्या दोन्ही टोकांच्या बाहेर, टोकाला बसणाऱ्याच्या कानापासून निदान दोन-तीन फूट लांब. त्यांची तोंडं थेट डोक्याकडे न करता समोरासमोरच्या भिंतींकडे वळवा. त्यासाठी वळवता येणारा ब्रॅकेट मिळतो, तोच मागा.

तिसरा, थोड्याफार अंतराचा फरक राहिलाच तर यंत्राला सांगा. आवाज एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फूट जायला त्याला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. यंत्रात प्रत्येक स्पीकरचं अंतर भरता येतं. मग जवळचा स्पीकर किंचित थांबून वाजतो आणि सगळ्यांचा आवाज कानाशी एकदमच पोचतो. संचाबरोबर छोटा मायक्रोफोन आला असेल तर तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवा, पंखा बंद करा, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या आणि मग चाचणी लावा.

भोक सगळ्यांत शेवटी

माझा आग्रह एवढाच आहे की आठ दिवस भिंतीला हात लावू नका. मागचे दोन्ही स्पीकर उंच स्टुलावर, त्यावर चार जाड पुस्तकं रचून ठेवा. एक सिनेमा पाहा, एक मालिका पाहा, बातम्या ऐका. दोन दिवसांनी स्टुलं हातभर मागे सरकवा. जिथे घरातल्या सगळ्यांचं एकमत होईल तिथे पेन्सिलीने खूण करा. साडी घेताना आपण चार दुकानं फिरतो, मग भिंतीला कायमचं भोक पाडताना घाई का?

भोक पाडताना पुढच्या गोष्टींकडे स्वतः लक्ष द्या.

भिंतीच्या आत विजेच्या वायरी असतात. त्या बटनांच्या बोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडव्या जातात. म्हणून बोर्डाच्या सरळ रेषेत कधीही भोक पाडू देऊ नका. न्हाणीघराच्या भिंतीत पाण्याचे पाइप असतात, तिथेही जपून. काम करण्याआधी मेन स्विचची जागा माहीत असू द्या.

भिंत कशाची आहे ते विचारा. विटांच्या भिंतीत प्लास्टिकची गुट्टी आणि स्क्रू चांगले बसतात. नव्या इमारतींत हलक्या सिमेंट-ब्लॉकच्या भिंती असतात, त्या भुसभुशीत, त्यांना वेगळी लांब गुट्टी लागते. जिप्समच्या पातळ भिंतीवर नुसता स्क्रू टिकत नाही. गिलाव्यातच अडकलेला स्क्रू आज धरतो आणि सहा महिन्यांनी सुटतो. कॉलमला आणि तुळईला हात लावू नका.

ब्रॅकेट बसला की स्पीकर टांगण्याआधी त्याला हाताने जोरात खाली ओढून पाहा. स्पीकरच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार त्याने सहज पेलला पाहिजे. आणि एवढी खात्री केली तरी पाळण्यावर, मुलांच्या अभ्यासाच्या जागेवर किंवा कुणाच्या उशाशी स्पीकर टांगायचा नाही तो नाहीच.

एक छोटी युक्ती सांगते. भोकाच्या खाली जुन्या पाकिटाचं तोंड उघडून चिकटपट्टीने लावा. सगळा चुरा त्यात पडतो, सोफ्यावर नाही.

वायरींचं काय?

वायर पायात येईल अशी सतरंजीखालून नेऊ नका. भिंतीच्या कडेने प्लास्टिकची पट्टी मारून त्यातून न्या. पट्टीला भिंतीचाच रंग दिला की दिसतसुद्धा नाही. विजेच्या वायरींच्या पाइपमध्ये स्पीकरची वायर घालायची नाही. ते धोक्याचं आहे आणि स्पीकरमध्ये घरघरही येते. आपल्या हॉलला दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर पुरते.

वायरीला दोन पदर असतात आणि एकावर रेघ असते. स्पीकरला आणि यंत्राला लाल-काळी अशी दोन टोकं असतात. लालला लाल, काळ्याला काळं. एका ठिकाणी उलटसुलट झालं तर स्पीकर वाजतो, पण आवाज पोकळ आणि पातळ येतो. कित्येक घरांत ही चूक वर्षानुवर्षं तशीच असते आणि लोक दोष कंपनीला देतात.

'आमचे स्पीकर बिनवायरीचे आहेत' असं म्हणणाऱ्या भगिनींनी एवढं लक्षात घ्यावं, की यंत्राकडून येणारी वायर वाचते, पण विजेचा प्लग त्यांनाही लागतोच. तेव्हा आधी प्लगची सोय पाहा.

सहावा डबा आणि खालचे शेजारी

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की जास्त घुमतो. त्याची जागा शोधण्याची रीत मजेची आहे. तो डबा सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, ढोलकीचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत फिरायचं. जिथे ठेका स्वच्छ ऐकू येईल तिथे डबा ठेवायचा. मुलांना हे काम द्या, आनंदाने करतील!

हा घुमणारा आवाज स्लॅबमधून खाली जातो. डब्याखाली जाड रबराचा तुकडा घाला. कायद्यानेही निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. रात्रीसाठी बहुतेक यंत्रांत 'नाइट मोड' असतो, त्याने दणके खाली येतात आणि बोलणं ऐकू येतं.

हॉलमध्ये एकदा टाळी वाजवून पाहा. 'टण्ण' असा आवाज घुमला तर गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवत आहेत. जाड पडदे, सोफ्यासमोर सतरंजी, पुस्तकांचं उघडं कपाट, एवढ्याने पुष्कळ काम होतं.

आता सांगलीच्या भगिनीला

बाई, तुमच्या सासूबाईंना आवाज कमी पडत नाही, शब्द कमी पडतात. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. आणि आपल्या बोलण्यातले स, श, त, फ हे त्याच पट्टीत येतात. त्यामुळे त्यांना 'कुणीतरी बोलतंय' हे कळतं, पण काय ते कळत नाही. सगळाच आवाज वाढवला की दणका वाढतो, शब्द नाही. म्हणून त्या कान झाकतात.

तेव्हा एवढं करा. मधला स्पीकर टीव्हीच्या कपाटात आत ढकललेला असेल, तो फळीच्या काठापर्यंत पुढे ओढा, त्याच्यापुढची फुलदाणी हलवा आणि पुढच्या कडेखाली लहानशी पाचर घालून त्याचं तोंड किंचित वर, कानाकडे करा. यंत्रात जाऊन फक्त मधल्याचा आवाज दोन-तीन डेसिबलने वाढवा. मागच्या दोघांचा थोडा उतरवा. मुलाला सांगा, मागचे स्पीकर छताजवळ असतील तर खाली आणायचे. यंत्राच्या यादीत मधला स्पीकर 'आहे' असं नोंदलेलं आहे ना, तेही पाहा. आणि सासूबाईंची जागा सोफ्याच्या टोकाला असेल तर त्यांना मध्ये बसवा. मधल्या स्पीकरच्या बरोबर समोर. घरातली सगळ्यांत चांगली जागा ज्याला सगळ्यांत कमी ऐकू येतं त्याची, असा नियमच करून टाका.

मालिकेखाली अक्षरं येत असतील तर तीही लावा. आणि सवड काढून त्यांचे कान डॉक्टरांना दाखवा. कधी नुसता मळ निघतो, कधी यंत्राची गरज निघते. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. ज्या माणसाला समोरचं बोलणं कळत नाही ते आधी टीव्हीसमोरून उठतं आणि मग हळूहळू जेवणाच्या पंगतीतूनही. त्या 'तुमचं चालू द्या' म्हणतात, तेव्हा त्या रुसलेल्या नसतात, बाई, दमलेल्या असतात.

जाता जाता

स्पीकरची जाळी ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने झटका. यंत्राच्या डोक्यावर रुमाल घालू नका, त्याला वारा लागतो. स्पीकरवर पाण्याची फुलदाणी किंवा समई नको. बिल आणि हमीपत्र एका पाकिटात घालून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे गरजेच्या वेळी घर उलथंपालथं करावं लागणार नाही. खोकी महिनाभर तरी माळ्यावर ठेवा.

पुढच्या अंकात पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना येणारा कुबट वास घालवण्याविषयी लिहीन. तुमच्या युक्त्या जरूर कळवा.